खरखर, मुंग्या आणि फिरते चक्र

घरात मोठा नवा दूरचित्रवाणी संच येतो, इंटरनेटची तार येते, महिन्याचे पैसेही भरले जातात. आणि नेमके महत्त्वाच्या क्षणी चित्र थबकते, पडद्याच्या मधोमध एक चक्र फिरू लागते. कधी आवाज ओठांच्या मागून येतो. आपण लगेच म्हणतो, "संच बिघडला!" संच बहुधा बिघडलेला नसतो. दूरवरून आलेला ध्वनी घरात स्वच्छ उतरवून घेणे ही एक जुनी विद्या आहे, आणि आपल्या नागपूर भागाने ती पाऊणशे वर्षांत तीनदा नव्याने शिकली आहे.

नागपूरचे आकाशवाणी केंद्र 16 जुलै 1948 रोजी सुरू झाले. नागपूर त्या वेळी मध्यप्रांत-वऱ्हाडची राजधानी होती. त्यापूर्वी ज्याच्या घरी रेडिओ असे त्याने मुंबई, दिल्ली, नाही तर निजामाचे हैदराबाद धुंडाळावयाचे, आणि तेही बहुधा रात्री. रात्रीच का? मध्यम लहरी दिवसा जमिनीच्या कडेकडेने जातात आणि थोड्या अंतरावर थकतात. आभाळात उंचावर जो विद्युत्भारित थर दिवसा त्यांना गिळून टाकतो, तो सूर्य मावळला की विरतो. मग त्या आणखी वरच्या थरावर आपटून शेकडो मैल दूर उतरतात. मात्र त्या आवाजाला भरवसा नसे. एका वाक्यात मोठा, दुसऱ्यात बारीक. नागपूर केंद्र निघाल्याने भर दुपारीही जवळचा, स्थिर आवाज मिळू लागला. माझ्या मते या केंद्राचा पहिला मोठा उपकार हाच. कार्यक्रमांची थोरवी त्यानंतरची.

पण केंद्र निघाले म्हणजे आवाज घरात आला असे नव्हे. त्या काळचा संच व्हॉल्व्हचा. त्याला एरियल लागे, अर्थिंग लागे. दोन उंच बांबूंमध्ये तांब्याची तार ताणावयाची, दोन्ही टोकांना चिनी मातीच्या चिमण्या बांधावयाच्या, म्हणजे तारेतला प्रवाह बांबूवाटे ओसरून जात नाही. दुसरी तार जमिनीत. खड्ड्यात तांब्याचा पत्रा, भोवती कोळसा आणि मीठ, वरून पाणी. उन्हाळ्यात विदर्भाची जमीन भाजून निघते, तेव्हा अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी ओतीत राहावे लागे, नाही तर खरखर वाढे. आणि मृगाच्या आधी वीज कडाडू लागली की बाहेरची तार संचापासून सोडवून जमिनीच्या तारेला जोडावयाची. ही गोष्ट आवाजाच्या सुखाची नव्हती, घरच्या माणसांच्या जिवाची होती.

खेड्यात वीज नव्हती. संच चालत तो कोरड्या बॅटरीच्या ठोकळ्यावर. ठोकळा उतरू लागला की आवाज आधी घोगरा होई, मग बारीक, मग गप्प. चावडीवर किंवा शाळेत सार्वजनिक संच असे. तो गप्प झाला तर साऱ्या गावाचाच कान बंद. 1956 साली पुणे केंद्राच्या परिसरातील पाच जिल्ह्यांत, 150 गावांत शेतकरी श्रोतृमंडळांचा प्रसिद्ध प्रयोग झाला. ऐकावयाचे, चर्चा करावयाची, आणि पटले तर वावरात करून पाहावयाचे. युनेस्कोने त्याला साहाय्य केले, टाटा समाजविज्ञान संस्थेने त्याची पाहणी केली. त्याचे कौतुक पुष्कळ झाले, ते योग्यच आहे. मला मात्र त्यात आणखी एक गोष्ट दिसते: वीस माणसांची चर्चा रंगावयाची तर आधी विसाव्या माणसाला शब्द कळला पाहिजे. पऱ्हाटीवर कोणते औषध मारावे ते सांगताना औषधाचे नावच खरखरीत बुडाले, तर पुढची चर्चा कशाची करणार?

ट्रान्झिस्टर आला आणि बांबू गेले. एरियल संचाच्या पोटात शिरले: काळ्या फेराइटची एक कांडी, तिच्यावर बारीक तार. ही कांडी संचात आडवी असते, म्हणून संचाचे तोंड किंवा पाठ केंद्राकडे केली की आवाज भरतो, आणि कड केंद्राकडे केली की पडतो. वर्ध्याहून नागपूर ईशान्येला, चंद्रपुराहून उत्तरेला, अमरावतीहून पूर्वेला. मध्यम लहरी ऐकणाऱ्याने आजही हे करून पाहावे. दुसरे असे की, मोबाईलचा चार्जर आणि एलईडीचा दिवा संचाजवळून दूर करा. यांच्या पोटातली विद्युत्-यंत्रणा त्याच लहरींवर करकर सोडते, आणि आपण उगीच केंद्राला बोल लावतो.

नागपूरजवळ बुटीबोरीला 1,000 किलोवॅटचा प्रचंड प्रक्षेपक उभा राहिला. 1988 साली सुरू झालेली राष्ट्रीय वाहिनी त्यावरून रात्रभर चाले. देशाचा मध्य आणि रात्रीचे आकाश, या दोन्हींचा असा उपयोग! शून्य मैलाच्या दगडाचा अभिमान बाळगणाऱ्या नागपूरकराला ही गोष्ट सहसा ठाऊक नसते. ती वाहिनी बंद करण्याचा आदेश 2018 च्या डिसेंबरात निघाला.

मग चित्र आले. सेमिनरी हिल्सच्या दूरदर्शनकडे तोंड करून गच्च्यागच्च्यांवर ॲल्युमिनियमच्या काड्यांचे अँटेना उभे राहिले. 1987 साली रामायण मालिका सुरू झाली, तेव्हा रविवारी सकाळी एकजण गच्चीवर, एकजण खिडकीत, आणि आतून ओरड, "आलं, आलं... गेलं!" लहर अशक्त असली की पडद्यावर मुंग्या येत. एखाद्या इमारतीवर आपटून तीच लहर किंचित उशिरा पोचली की प्रत्येक माणसाशेजारी त्याची सावली उभी राही. मुंग्यांवर उपाय उंचीचा, सावलीवर उपाय दिशेचा.

आजच्या चित्रात मुंग्या नाहीत, आणि घोटाळा इथेच आहे. जुनी लहर अशक्त झाली तर चित्र हळूहळू मळत असे. आताचे चित्र आकड्यांच्या लहान लहान तुकड्यांनी येते. संच काही सेकंदांचे तुकडे साठवून मग दाखवतो. तुकडे हळू येऊ लागले तर कमी बारकाव्याचे चित्र मागवतो, आणि साठा संपला की चक्र. म्हणून शोध आधी हा घ्या: दोष बाहेरच्या तारेत आहे की घरात? संच राऊटरला सरळ केबलने जोडून पाहा. चित्र सुधारले तर बाहेरची तार ठीक आहे, घरातले वाय-फाय लंगडे आहे. मग राऊटर कोठे ठेवला आहे ते बघा. लोखंडी कपाटामागे? मातीच्या जाड भिंतीपलीकडे? की कूलरमागे? पत्र्याची पेटी आणि आत पाण्याची टाकी. लहर अडविण्यास याहून चांगली वस्तू आपल्याकडे नाही. राऊटर घराच्या मध्यावर, उंच आणि मोकळा ठेवा. संच त्याच खोलीत असेल तर 5 गिगाहर्ट्झचा पट्टा बरा, भिंती ओलांडावयाच्या तर 2.4 चा.

पूर्ण एचडी चित्राला सेकंदाला सुमारे 5 मेगाबिट लागतात, म्हणजे तासाला सव्वादोन गिगाबाइट. मोबाईलवर रेडिओ ऐकताना 64 किलोबिटचा प्रवाह असेल तर तासाला जेमतेम 29 मेगाबाइट. शिक्षकमित्रांनी हे गणित वर्गात जरूर घालावे. रेंज जेमतेम आहे अशा गावातला मुलगा चित्र बंद करून नुसता आवाज घेईल, तर त्याचा धडा पूर्ण होईल.

आवाजाविषयी थोडे स्पष्ट बोलतो. पातळ संचाच्या पाठीत किंवा तळाशी बसविलेले बोटभर स्पीकर जुन्या लाकडी रेडिओची गोडी देऊच शकत नाहीत. संवाद कळत नसतील तर साधा वेगळा स्पीकर तारेने जोडा. बिनतारी जोडला तर काही वेळा ओठ पुढे आणि शब्द मागे राहतात. शक्य झाल्यास कूलरचा वेग एक घर कमी करा, बरं का. अर्धी तक्रार त्याच्या घरघरीची असते. चित्र दुकानात दिसले तसे भडक ठेवू नका. ती मांडणी दुकानाच्या उजेडासाठी असते. घरी 'सिनेमा' नावाची निवड करा.

आणि बातम्यांच्या ठोक्यावर घड्याळ लावण्याची जुनी सवय असेल, तर मोबाईलवरच्या रेडिओवर ते लावू नका. साठवून ऐकविल्यामुळे तो कित्येक सेकंद मागे असतो. मोबाईल आणि ट्रान्झिस्टर शेजारी ठेवून तेच केंद्र लावा, म्हणजे किती मागे ते तुमच्या कानांनाच कळेल.