पहिला रुपया गावाचा

वाचनालय काढणे सोपे. ते चालविणे अवघड. उद्‌घाटनाला हारतुरे मिळतात, पण दिवाबत्तीचे आणि पुस्तकबांधणीचे पैसे कोणी द्यायचे? या प्रश्नाचे मला पटलेले उत्तर बडोद्याच्या इतिहासात आहे.

नाशिक जिल्ह्यातील कवळाण्याहून गादीवर दत्तक आलेल्या सयाजीराव महाराजांनी १९०६ मध्ये संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. पण शाळा सुटल्यावर वाचायलाच काही नसेल, तर शिकलेली अक्षरे पुसून जायला कितीसा वेळ लागतो? म्हणून १९१० मध्ये त्यांनी अमेरिकेहून विल्यम बोर्डन या ग्रंथपालास आणविले. ग्रंथपालांसाठी वर्ग निघाले, कपाटे वाचकांना मोकळी झाली, खेड्यापाड्यांतून पुस्तकांच्या पेट्या फिरू लागल्या.

मला सर्वांत मोलाची वाटते ती पैशाची व्यवस्था. लहान शहर असो वा खेडे, लोकांनी वर्गणी जमवावी. तितकीच भर प्रांत पंचायतीने घालावी आणि तितकीच सरकारने. ठरलेल्या मर्यादेपर्यंत गावाच्या एका रुपयाचे असे तीन होत. मात्र पहिला रुपया गावानेच काढायचा. ज्याने पदरचे घातले, तो हिशेबही विचारतो आणि पुस्तकही मागतो!

महाराष्ट्रात १९६७ च्या कायद्याने ग्रंथालयांच्या अनुदानाला आधार दिला. ग्रंथालय-कर मात्र बसविला नाही. अनुदान हवेच. पण त्याने कपाटे भरतील, खुर्च्या नव्हेत. तेव्हा वाचकहो, यंदा दिवाळीच्या खर्चाच्या यादीत रवा, साखर, तुपाखाली आपल्या वाचनालयाची वर्गणीही मांडून ठेवा.