बाराशे रुपयांचा दाखला

माझ्या लोखंडी पेटीत १९६३ सालच्या उत्पन्नाच्या दाखल्याची एक खरी नक्कल आहे. मूळ दाखला कॉलेजात जमा झाला, नक्कल माझ्याकडे राहिली. त्यावर माझ्या वडिलांचं, म्हणजे दादांचं नाव, गाव, पाच माणसांचं कुटुंब आणि शेवटी अक्षरी-अंकी वार्षिक उत्पन्न, जे बाराशे रुपयांच्या आत होतं. त्या एका ओळीवर मी पदवीधर झालो. पुढे एका कॉलेजच्या ऑफिसात छत्तीस वर्षं शिष्यवृत्तीचं टेबल सांभाळलं. दुसऱ्यांच्या घरचे असे हजारो दाखले हातून गेले, पण पहिला आठवतो तो दादांचा.

जूनचे दिवस होते. पेरणी सोडून दादा चावडीत तीन वेळा गेले होते. चौथ्या खेपेला मलाही नेलं. तलाठी भाऊसाहेब चौपाईवर, आम्ही खाली, आणि अवतीभोवती कामासाठी आलेली आठ-दहा माणसं. त्यांच्यादेखत प्रश्न सुरू झाले. जमीन किती, पिकतं किती, म्हैस दुभती का भाकड, सावकाराचं देणं किती? शेवटचा आकडा दादांनी तोवर आईलाही सांगितला नव्हता. मुंडासं काढून त्यांनी मांडीवर ठेवलं आणि खालच्या आवाजात तो सांगितला. पोराची फी माफ व्हावी म्हणून बापाला घरातली गरिबी चावडीत उघडी करावी लागते, हे त्या दिवशी मला कळलं. पुढं माझ्या टेबलासमोर उभ्या राहिलेल्या एकाही मुलाला मी त्याच्या बापाचं उत्पन्न मोठ्यानं विचारलं नाही.

पण दादा ज्याच्यासाठी उभे होते तो हक्क होता, आणि आपल्याकडे शिक्षणाच्या मदतीला हक्काचं रूप यायला फार काळ लागला.

आधी दान होतं. तळेगावच्या दाभाड्यांनी सुरू केलेली श्रावणातली दक्षिणा पुढे पेशव्यांनी पुण्यात चालवली. विद्वान ब्राह्मणांची परीक्षा घ्यायची आणि रक्कम द्यायची, अशी ती रीत. पेशवाई गेल्यावर इंग्रजांनी त्याच निधीतून १८२१ मध्ये विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा काढली. १८४९ साली लोकहितवादींसह काही सुधारक मंडळींनी सरकारकडे अर्ज केला, की या पैशाचा काही भाग मराठीत उपयोगी पुस्तकं लिहिणाऱ्यांना द्यावा. सनातन्यांचा संताप एवढा, की अर्जदारांच्या संरक्षणाला जोतीराव फुले आपली माणसं घेऊन उभे राहिले. मला ही घटना फार मोलाची वाटते. विद्येसाठीचा पैसा कोणाला मिळावा, हे तिथं लेखी विचारलं गेलं. पुढे त्याच निधीतून दक्षिणा फेलो नेमले जाऊ लागले. न्यायमूर्ती रानडे त्यांतले एक.

ज्यांना दक्षिणा नव्हती, त्या गरीब ब्राह्मण मुलांसाठी माधुकरी आणि वार. सात वारांना सात घरं ठरवायची, ज्या घरचा वार त्या घरी जेवायचं, आणि एखादं घर सुटलं तर त्या दिवशी उपास. पुण्यात अशी शिकलेली माणसं पुढे मोठ्या हुद्द्यांवर गेली आणि त्यांनी आपल्या पानावर गरीब मुलं जेवू घातली. वार लावून जेवू घालणाऱ्या माऊल्यांचं ऋण कोणी नाकारू नये. तरीही खरं ते लिहिलंच पाहिजे. माळ्याच्या, मराठ्याच्या, महाराच्या पोराला कोणाचाच वार नव्हता. फी भरायची ऐपत असली तरी शहरात पाठ टेकायला जागा मिळायची नाही.

ही अडचण नेमकी ओळखली ती कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी. १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघालं आणि त्यामागोमाग जैन, मुस्लिम, लिंगायत अशी एकेका समाजाची वसतिगृहं उभी राहिली. अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह झालं. जातवार बोर्डिंगं कशाला, असं आजचा माणूस विचारतो. पण ज्या गावात एका पंगतीला बसणं अशक्य होतं तिथं आधी प्रत्येकाला पंगत मिळणं गरजेचं होतं, आणि माझ्या मते महाराजांचा तो हिशेब बरोबर होता.

फी वेगळी आणि आसरा वेगळा. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांइतकं हे कोणी सोसलं नसेल. केळुसकर गुरुजींनी शब्द टाकला, बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी एल्फिन्स्टन कॉलेजसाठी दरमहा २५ रुपये दिले. मग ४ जून १९१३ रोजी बाबासाहेबांनी बडोदा संस्थानाशी करार केला. तीन वर्षं दरमहा साडेअकरा पौंड मिळणार होते, आणि परतल्यावर दहा वर्षं संस्थानची नोकरी करायची होती. कोलंबियात शिकून १९१७ साली ते बडोद्याला रुजू झाले, तेव्हा शहरात त्यांना कोणी खोली देईना. पारशी वसतिगृहातला आसराही लोक काठ्या घेऊन आल्यावर सुटला. परदेशी शिक्षण झालेलं, हुद्दा हातात, आणि रात्री पाठ टेकायला जागा नाही.

व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात गेल्यावर त्यांनी सरकारकडे दलित विद्यार्थ्यांच्या शिक्षणासाठी पैसा मागितला. १९४४ पासून मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. तिच्यात फीबरोबर निर्वाह भत्ता होता. पोटाचा विचार करणारा हा सरकारी कागद मला आजही वेगळा वाटतो.

आमच्या साताऱ्यात भाऊराव पाटलांनी तिसरी वाट काढली. धनिणीच्या बागेतल्या बोर्डिंगात सगळ्या जातींची पोरं एकत्र राहायची, एकाच चुलीवरचं खायची. शेतात राबायची, दगड वाहायची आणि शिकायची. धान्य संपलं तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, मंगळसूत्रही ठेवलं नाही. १९२७ साली गांधीजींच्या हस्ते या बोर्डिंगाला छत्रपती शाहूंचं नाव मिळालं. १९४७ साली कॉलेज निघालं, तिथेही कमवा आणि शिका. आमच्या भागातल्या कितीतरी घरांत पहिला पदवीधर या वाटेनं आला. खोऱ्याचे घट्टे हातावर घेऊन ती माणसं मास्तर झाली, मामलेदार झाली.

आणि १९५९. यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री होते. आई-बापाचं उत्पन्न ठरावीक मर्यादेच्या आत असेल तर जात न पाहता मुलाची फी माफ. हीच ती ई.बी.सी., म्हणजे आर्थिकदृष्ट्या मागासांसाठीची सवलत. आमच्या पिढीच्या तोंडी मर्यादेचा आकडा बसला तो बाराशे. गावोगाव नवी कॉलेजं निघत होती आणि फी माफ होती, म्हणून नांगर धरणारी पोरं वह्या घेऊन बसस्टँडवर दिसू लागली. त्यांत मी होतो.

पण ई.बी.सी.त फी होती, जेवण नव्हतं. घरून एस.टी.नं डबा यायचा. सकाळी बांधलेली भाकरी दुपारी फडक्यात कडक होऊन मिळायची. पावसाळ्यात गाडी चुकली की डबा दुसऱ्या दिवशी, कोरड्यास आंबलेलं. पुण्यात अच्युतराव आपट्यांनी १९५५ साली विद्यार्थी सहाय्यक समिती काढली ती खेड्यातल्या अशाच मुलांसाठी. ज्यांना तिचा आसरा मिळाला ती मुलं तरली.

१९६८ मध्ये मी टेबलाच्या पलीकडं गेलो. जुलै आला की खोलीभर फॉर्म, टोचण, जांभळी शाई, गोलाकार शिक्के. दाखल्यावर सही आहे पण तारीख नाही, रेशन कार्डावर आडनाव वेगळं, प्रतिज्ञापत्राचा स्टॅम्प जुना. याला ऑफिसात त्रुटी म्हणतात. त्रुटी निघाली की मुलगा तालुक्याला परत. जाण्या-येण्यात एक रोज बुडायचा, आणि दोन रोज बुडाले की काही मुलं तिसऱ्यांदा यायचीच नाहीत. कॉलेज सोडून गेलेल्या मुलांची कारणं आम्ही रजिस्टरला ‘घरगुती अडचण’ अशी लिहायचो. त्यांतली कितीतरी नुसती न मिळालेल्या शिक्क्याची होती. निर्वाह भत्त्याचा बटवडा तर अनेकदा परीक्षा आटोपल्यावर यायचा. रेव्हेन्यू स्टॅम्पवर सही करताना एक मुलगा मला म्हणाला, “साहेब, मेसचं देणं फेडायला शेळी विकली, आता या पैशात परत शेळी घेतो.” त्याला द्यायला माझ्याजवळ उत्तर नव्हतं.

आता ई.बी.सी. राजर्षी शाहू महाराजांच्या नावानं चालते. मर्यादा ८ लाखांवर गेली. अर्ज महाडीबीटीच्या पोर्टलवर भरतात, पैसे आधार जोडलेल्या खात्यात येतात. जुलै २०२४ मध्ये ८ लाखांच्या आतल्या घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं पूर्ण शिक्षण शुल्क माफ झालं, हे वाचून मला दादांची चावडी आठवली आणि डोळे भरून आले. चावडीच्या जागी स्क्रीन आली हे चांगलंच झालं, कारण स्क्रीनसमोर मुंडासं काढावं लागत नाही.

तरी दर वर्षी पोरं माझ्या ओट्यावर येतात. बहुतेकांची अडचण एकच, दाखला उशिरा काढलेला. पालकांनो, उत्पन्नाचा दाखला आर्थिक वर्षापुरता चालतो. बारावीच्या निकालाची वाट पाहू नका, एप्रिलमध्येच सेतू केंद्रात अर्ज टाका. आधारवरचं, बँकेतलं आणि गुणपत्रिकेवरचं नाव अक्षर न् अक्षर जुळवून घ्या. आणि ऑफिसात टेबलामागे जो कोणी बसला असेल त्यानं रांगेसमोर बापाचं उत्पन्न मोठ्यानं विचारू नये. कागदावर लिहिलेलं असतं, ते वाचावं.