‘ब्लूनोज’ची प्रतिकृती : आधी साल, मग लाकूड

कॅनडाच्या दहा सेंटच्या नाण्यावर १९३७ पासून दोन डोलकाठ्यांचे एक शिडाचे जहाज दिसते. ते ‘ब्लूनोज’ या मच्छीमार स्कूनरचे चित्र मानले जाते. लाकडी जहाजांच्या प्रमाणबद्ध प्रतिकृती घडविणाऱ्या जगभरच्या हौशी कारागिरांमध्ये हे जहाज अतिशय लोकप्रिय आहे. त्याचे तयार संच अनेक उत्पादकांनी बाजारात आणले. मात्र ‘ब्लूनोज’ची प्रतिकृती करू पाहणाऱ्यापुढे पहिला प्रश्न लाकडाचा किंवा हत्यारांचा नसतो. नेमके कोणते जहाज आणि त्याच्या आयुष्यातील कोणते साल, हे त्याला आधी ठरवावे लागते. या प्रश्नाचे उत्तर न शोधता केलेली प्रतिकृती दिसायला कितीही देखणी असली, तरी ती कधीच अस्तित्वात नसलेल्या जहाजाची होण्याचा धोका असतो.

मासेमारीसाठी आणि शर्यतीसाठी

दोन किंवा अधिक डोलकाठ्या आणि जहाजाच्या लांबीच्या दिशेने लावलेली शिडे हे स्कूनर जातीच्या गलबतांचे मुख्य लक्षण होय. दोन काठ्यांच्या स्कूनरमध्ये मागची, म्हणजे मुख्य काठी सहसा पुढच्या काठीपेक्षा उंच असते. थोड्या खलाशांनिशी वेगाने हाकता येत असल्याने उत्तर अटलांटिकमधील मच्छीमारांनी या जातीला पसंती दिली.

१९२० मध्ये कॅनडा व अमेरिका यांच्या मच्छीमार गलबतांची शर्यत सुरू झाली आणि पहिल्याच वर्षी आंतरराष्ट्रीय मच्छीमार चषक अमेरिकेतील ग्लॉस्टर बंदराच्या ‘एस्पेरांतो’ने नेला. तो परत मिळविण्याच्या ईर्ष्येतून ‘ब्लूनोज’ जन्मले. आराखडा हॅलिफॅक्सच्या विल्यम रुए यांचा होता. नोव्हा स्कोशिया प्रांतातील लुनेनबर्ग येथे स्मिथ अँड रूलँड यांच्या गोदीत ते बांधले गेले आणि २६ मार्च १९२१ रोजी पाण्यात उतरले. स्पर्धेत उतरणारे गलबत प्रत्यक्ष मासेमारी करणारे असले पाहिजे, अशी अट असल्याने ‘ब्लूनोज’ने आधी कॉड मासळीचा हंगाम केला आणि मग कप्तान अँगस वॉल्टर्स यांच्या हाताखाली त्याच वर्षी चषक जिंकला. पुढे १९३८ च्या अखेरच्या शर्यतीपर्यंत कोणत्याही प्रतिस्पर्ध्याला तो नेता आला नाही. मासेमारीचा व्यवसाय बदलल्यावर १९४२ मध्ये हे जहाज विकले गेले. वेस्ट इंडीजमध्ये मालवाहतूक करीत असताना जानेवारी १९४६ मध्ये हैतीच्या किनाऱ्याजवळील खडकांवर आदळून ते नष्ट झाले.

पुरावा कोणता मानावा?

मूळ जहाज उरलेले नाही. आज लुनेनबर्गच्या धक्क्यावर दिसते ते ‘ब्लूनोज दोन’. ते १९६३ मध्ये त्याच गोदीत, त्याच आराखड्यावरून बांधले गेले आणि २०१० नंतरच्या पुनर्बांधणीत त्याचा सांगाडाही बहुतांशी नवा झाला. ते प्रवासी व प्रशिक्षणाचे जहाज असल्याने त्याला इंजिने आणि पंखे आहेत, तर १९२१ चे ‘ब्लूनोज’ निव्वळ शिडावर चालत असे. त्याला इंजिने बसली ती १९३० च्या दशकात. सहज मिळणारी रंगीत छायाचित्रे बहुतेक दुसऱ्या जहाजाची असतात. ती पाहून केलेल्या प्रतिकृतीवर ‘१९२१’ असे लिहिणे म्हणजे नातवाच्या छायाचित्राखाली आजोबांचे नाव लिहिण्यासारखे आहे.

आराखड्यावरही आंधळा विश्वास ठेवता येत नाही. बांधणीच्या वेळी पुढच्या भागातील खलाशांच्या खोलीत उंची मिळावी म्हणून नाळ मूळ आराखड्यापेक्षा सुमारे १८ इंच उंच करण्यात आली. १:६४ या प्रमाणात हा फरक अवघा ७ मिलिमीटर भरतो. पण जहाजाची एका बाजूने दिसणारी संपूर्ण रेषा त्यामुळे बदलते. नाण्यावरील चित्राचा आधार घ्यावा, तर तेही एकाच जहाजाचे हुबेहूब चित्र नसून, शिल्पकार इमॅन्युएल हान यांनी एकाहून अधिक स्कूनर गलबते नजरेसमोर ठेवून ते घडविल्याचे सांगितले जाते.

वर्षाइतकाच ऋतूही महत्त्वाचा. हिवाळी मासेमारीच्या वेळी वादळी वाऱ्यामुळे अशा गलबतांच्या डोलकाठ्यांचे वरचे जोडभाग उतरवून ठेवीत. शर्यतीसाठी ते पुन्हा चढत आणि छोट्या होड्या धक्क्यावर राहत. म्हणजे उंच काठ्या, शर्यतीची सर्व शिडे आणि डेकवर रचलेल्या होड्या हे सारे एकत्र दाखविताना कोणता दिवस दाखवायचा आहे, याचा विचार करावा लागतो. अशा तपशिलांसाठी जुनी छायाचित्रे आणि त्याच काळातील उरलेली गलबते उपयोगी पडतात. अमेरिकेतील मिस्टिक सीपोर्ट संग्रहालयाकडील ‘एल. ए. डंटन’ ही १९२१ चीच मच्छीमार स्कूनर आहे. लुनेनबर्गच्या मत्स्यव्यवसाय संग्रहालयाकडे १९३८ ची ‘थेरेसा ई. कॉनर’ आहे.

प्रमाणाचे गणित

‘ब्लूनोज’ची एकूण लांबी १४३ फूट आणि रुंदी २७ फूट होती. १:६४ प्रमाणात ही लांबी सुमारे ६८ सेंटिमीटर आणि रुंदी सुमारे १३ सेंटिमीटर होते. साडेपाच फूट उंचीचा खलाशी या डेकवर जेमतेम अडीच सेंटिमीटरचा ठरतो. एक इंच जाडीचा दोर ०.४ मिलिमीटरच्या धाग्याने दाखवावा लागतो.

लांबी ६४ पटींनी घटते तेव्हा क्षेत्रफळ ४,०९६ पटींनी आणि घनफळ २,६२,१४४ पटींनी घटते. अस्सल जहाजावर सुमारे दहा हजार चौरस फूट शिडे होती. प्रतिकृतीवर ती अडीच चौरस फुटांत मावतात. कापडाची जाडी मात्र त्या प्रमाणात घटविता येत नाही. एक मिलिमीटर जाडीच्या शिडासाठी ०.०१६ मिलिमीटरचे कापड लागेल आणि असे विणलेले कापड मिळत नाही. म्हणूनच अनेक जाणकार शिडे गुंडाळलेली दाखवितात किंवा अजिबात लावीत नाहीत.

सांगाडा आणि फळ्या

अस्सल ‘ब्लूनोज’मध्ये ओक, स्प्रूस, बर्च व पाइन ही नोव्हा स्कोशियाची लाकडे वापरली होती आणि डोलकाठ्या ऑरेगॉन पाइनच्या होत्या. प्रतिकृतीत तीच लाकडे वापरणे बहुधा चुकीचे ठरते, कारण ओकचे ठळक रेषे १:६४ प्रमाणात दोरखंडाएवढे जाड दिसतात. यासाठी बारीक व एकसारख्या पोताचे लाकूड हवे. आपल्याकडील शिवणीचे लाकूड हवामानानुसार फारसे आकसत वा फुगत नसल्याने अशा कामाला विचारात घेण्याजोगे आहे.

प्रचलित पद्धतीत प्लायवूडची कण्याची पट्टी कापून तिच्या खाचांत जहाजाच्या आडव्या छेदांच्या आकाराचे तुकडे बसवितात. ते काटकोनात व एका सरळ रेषेत आहेत ना, हे वारंवार तपासावे लागते. इथली एक मिलिमीटरची चूक पुढे कोणत्याही रंगाखाली लपत नाही. त्यानंतर एक लवचिक पट्टी सर्व तुकड्यांवर टेकवून पाहायची आणि जिथे ती अधांतरी राहते किंवा टोचते, तिथे पॉलिशपेपरने कडा उतरवायच्या. नवशिक्या कारागिराला हे काम कंटाळवाणे वाटते आणि सर्वाधिक प्रतिकृती बिघडतात त्या येथेच.

फळ्या बसविताना एक साधा नियम लक्षात ठेवावा लागतो. जहाजाचा घेर मध्यभागी जास्त आणि नाळेकडे कमी असतो, तर फळ्यांची संख्या तीच राहते. त्यामुळे प्रत्येक फळी टोकाकडे निमुळती करावी लागते. प्रत्येक छेदावरील घेर मोजून त्याला फळ्यांच्या संख्येने भागले, की त्या जागची रुंदी मिळते. फळी भिजवून, उष्णता देऊन वाकवावी आणि वाळल्यावरच चिकटवावी. डाव्या व उजव्या बाजूची फळी आळीपाळीने लावावी. एक बाजू आधी पूर्ण केल्यास ताणामुळे कणाच पिळला जातो.

आपल्याकडे या कामाला ऋतूची मर्यादा आहे. पावसाळ्यात मुंबई-कोकणच्या दमट हवेत फुगलेल्या पट्ट्या तेव्हा घट्ट बसतात आणि थंडीत आकसल्यावर सांधे उघडे पडतात. फळ्यांचे काम कोरड्या दिवसांत उरकून आतून-बाहेरून लाकडाला लुकण चढविणे श्रेयस्कर.

डेकवरील फळ्याही नाळेपासून पिछाडीपर्यंत अखंड नसतात. त्यांचे सांधे ठरावीक क्रमाने पुढे-मागे येतात. फळ्यांमधील डांबराची काळी रेघ दाखविण्यासाठी पट्टीच्या कडेला मऊ पेन्सिल फिरविणे पुरेसे होते.

होड्या आणि दोर

‘ब्लूनोज’वर डोरी नावाच्या आठ होड्या असत. दोन-दोन मच्छीमार त्यांतून मुख्य जहाजापासून दूर जात आणि गळ लावलेल्या लांब दोऱ्यांनी मासे धरून परतत. धुक्यात वाट चुकलेली डोरी कित्येकदा परतत नसे. डेकवर या होड्या वाट्यांप्रमाणे एकात एक रचून ठेवीत आणि त्यासाठी त्यांतील बसण्याच्या फळ्या काढून घेत. प्रतिकृतीत हा तपशील अनेकदा सुटतो. खालच्या होडीत बसण्याच्या फळ्या तशाच ठेवल्या, तर वरची होडी तिच्यात बसणारच नाही.

दोरांचे दोन वर्ग आहेत. काठ्यांना आधार देणारे स्थिर दोर गडद रंगाचे, तर शिडे चढविणारे व वळविणारे चल दोर फिकट रंगाचे असतात. आधी स्थिर दोर ताणावेत, पण काठी वाकेल इतके नव्हे. धाग्यावर पातळ मेण फिरविल्यास त्याचे केस बसतात. कप्प्यांची मापे दोराच्या जाडीशी जुळली पाहिजेत. मोठ्या कप्प्या वापरण्याचा मोह टाळला, तर प्रतिकृती खेळण्यासारखी दिसत नाही.

हरवलेल्या जहाजाची नोंद

उत्तर अमेरिकेच्या या किनाऱ्यावर एकोणिसाव्या शतकात जहाज बांधण्यापूर्वी त्याच्या अर्ध्या अंगाची लाकडी प्रतिकृती कोरण्याची रूढी होती. तिच्यावरून मापे घेऊन ती मोठी केली जात. तिथे प्रतिकृती जहाजाच्या आधी येई. आज जहाज बुडाल्यानंतर प्रतिकृती घडते आणि ‘ब्लूनोज’च्या बाबतीत हैतीच्या खडकांवर गेलेले ते जहाज कसे होते, हे डोळ्यांना सांगण्याचे काम तिच्यावर येते. म्हणून काचेच्या पेटीतील नावपट्टीवर जहाजाचे नाव आणि प्रमाण यांबरोबर निवडलेले वर्ष लिहावे. मागील बाजूस, कोणता भाग छायाचित्रावरून केला, कोणता आराखड्यावरून आणि कोणता तर्काने, याच्या चार ओळी जोडाव्यात. त्या ओळींमुळे पुढे येणाऱ्या कारागिराला कोठे विश्वास ठेवायचा आणि कोठे पुन्हा शोध घ्यायचा, हे कळते.