ताजी घोड्याचे गिऱ्हाईक

घोडा ही उत्तर कोकणची पैदास नव्हे. भातखाचरे, खाजणे, चार महिने कोसळणारा पाऊस आणि उरलेले आठ महिने खारी, दमट हवा यांत घोडा नीट पोसला जात नाही. चिंचणी-तारापूरच्या खाडीकाठी शेतीला बैल-रेडे होते, मालाला होड्या होत्या. खासा घोडा ठाणावर बांधून रोज हरभरा चारावा, असे सामान्य माणसापाशी कामही नव्हते आणि पैसाही नव्हता. तरी उत्तम जातीचा घोडा शतकानुशतके समुद्रमार्गे कोकणच्या बंदरांत उतरत राहिला. आणणारा समुद्रापलीकडचा आणि घेणारा बहुधा घाटावरचा. बंदराचे काम या दोघांची गाठ घालून देण्याचे.

या व्यापारामागच्या संबंधांचा जुना पुरावा चिंचणीतच निघाला. १९५५ मध्ये येथे काही ताम्रपट सापडले आणि दिनेशचंद्र सरकार यांनी ते संपादून प्रसिद्ध केले. त्यांपैकी शक ८४८ म्हणजे इ. स. ९२६ चा ताम्रपट राष्ट्रकूट राजा तिसरा इंद्र याच्या काळातला आहे. संयान मंडलाचा, म्हणजे संजाण परिसराचा, कारभार तेव्हा मधुमती सुगतिप नावाच्या अधिकाऱ्याकडे होता आणि त्याला हे मंडल दुसऱ्या कृष्ण राजाने दिले होते. मधुमती हे ‘मुहम्मद’चे संस्कृत रूप. ताम्रपट त्याला ताजिक म्हणतो, म्हणजे अरब. त्याने आसपासच्या बंदरांचे अधिपती जिंकले, नद्यांवर मोफत तरी सुरू केल्या, अन्नछत्र घातले आणि एका देवीच्या मठिकेला जमीन देवविली.

ताम्रपटात घोड्याचा उल्लेख नाही. पण ‘ताजिक’ हा शब्द माणसांपुरता राहिला नाही. संस्कृत अश्वशास्त्रात ताजिक घोडा उत्तम जातींत मोडतो, आणि मराठीत अस्सल अरबी घोड्याला ‘ताजी’ म्हणतात. विकणाऱ्याच्या वंशाचे नाव विकलेल्या जनावराला चिकटले. वंशावळीचा कागद नसलेल्या काळात हे नावच घोड्याच्या कुळाची हमी होते.

घेणारे कोण होते, हे मार्को पोलोच्या तेराव्या शतकाच्या अखेरच्या वर्णनावरून कळते. ठाण्याच्या राजाचा समुद्री चाच्यांशी करार होता, असे तो लिहितो: लुटीतले घोडे राजाचे, बाकीचा माल चाच्यांचा. घोडा दुसऱ्या कोणा खरेदीदाराच्या हाती जाण्याआधीच अडवण्याची ही सोय होती. सोने सोडून घोडा मागणाऱ्या राजाला बाजारभाव नेमका ठाऊक असणार. पूर्व किनाऱ्यावर मअबरच्या राजांना वर्षाला हजारो घोडे लागत. घोडे तेथे जगत नसत, कारण निगा ठेवणारे नसत आणि खाणे शिजवलेल्या भाताचे. पोलो तर म्हणतो की घोड्यांची माहिती असलेल्या माणसांना तिकडे जाऊ न देण्याची काळजी व्यापारीच घेत. मेलेल्या घोड्याची जागा नवा घोडा घेई, आणि गिऱ्हाईक कायम राही.

समुद्रात घोडा मेला तर नुकसान कोणाचे, हा या सौद्यातला कळीचा प्रश्न होता. त्याचे उत्तर खरेदीदाराच्या गरजेवर ठरे. फारसी इतिहासकार वस्साफ सांगतो की मअबरसाठी घोड्यामागे २२० दिनार असा भाव बांधला होता आणि वाटेत मेलेल्या घोड्याचेही पैसे मिळत. विजयनगरच्या साळुव नरसिंहाविषयी पोर्तुगीज व्यापारी नुनिझ याने लिहिले आहे की तो हजार पर्दावांना तीन या भावाने घोडे घेई, जिवंत असोत वा मेलेले. समुद्रात दगावलेल्याचे नुसते शेपूट आणून दाखवले तरी पुरे. शत्रूच्या फौजेत घोडा जाण्यापेक्षा शेपटाला पैसे मोजणे स्वस्त पडत होते.

हीच नस पोर्तुगीजांनी धरली. १५१० मध्ये गोवा घेतल्यावर आफोंसो द आल्बुकर्कने होर्मुझकडून येणारे घोडे गोव्यातच उतरावेत असा बंदोबस्त केला. घोड्यांच्या जकातीवर गोव्याची तिजोरी बरीच अवलंबून होती. विजयनगर आणि विजापूर या दोन वैऱ्यांना एकाच धक्क्यावर गिऱ्हाईक म्हणून उभे करणे, हे त्या काळचे सर्वांत फायदेशीर राजकारण होते. १५४७ च्या तहात विजयनगरने गोव्याचे घोडे फक्त आपल्याला मिळावेत, विजापूरच्या आदिलशाहीला नव्हे, असे कलम घालून घेतले.

चिंचणीच्या आसपास मात्र पोर्तुगीज अमलात एक वेगळाच खरेदीदार तयार झाला. तारापूर, डहाणू, संजाण हे परगणे दमणच्या कक्षेत होते. तेथील गावे पोर्तुगीज कुळांना पट्ट्याने देताना लष्करी चाकरीसाठी घोडा बाळगण्याची अट घालत. गावाच्या उत्पन्नानुसार कोणाला अरबी घोडा ठेवावा लागे, कोणाला देशी चाले. जिथे शेतीला आणि वाहतुकीला घोड्याची गरज नव्हती, तिथे पट्ट्यातल्या एका कलमाने अरबी घोड्याची मागणी निर्माण केली. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या मोहिमेत तारापूर आणि मग वसई मराठ्यांकडे आली. पोर्तुगीज पट्टेदारांबरोबर हे गिऱ्हाईकही संपले.

मराठा फौजेत घोड्याचा सौदा दोन तऱ्हांनी होई. बारगिराला घोडा सरकारी पागेतून मिळे. त्याला खरेदीची चिंता नव्हती. शिलेदाराचा घोडा स्वतःचा, त्यामुळे लढाईत घोडा पडला की त्याची रोजीही पडली. चाकरीला लागताना त्याला आगाऊ रक्कम मिळे, तिला नालबंदी म्हणत. शिलेदार ताजीपेक्षा भीमथडीचे तट्टू बरे समजे. भीमा-नीरेच्या खोऱ्यातले हे घोडे अंगाने लहान, पण काटक, कडब्यावर भागवणारे आणि डोंगर चढणारे. ताजी सरदाराच्या पागेत शोभे. म्हणून तरणा ताजी विकायचा तर विक्रेता थेट छावणीत सरदाराच्या पागेकडे जाई.

तरण्या घोड्याची पारख हा खरेदीतला सगळ्यांत किचकट भाग. अडीच वर्षांच्या सुमारास दुधाच्या दातांची पहिली जोडी पडून पक्के दात येतात, साडेतीनला दुसरी, साडेचारला तिसरी; पाचव्या वर्षी तोंड भरते. शिंगराचे वय त्यामुळे लपवता येत नाही, म्हाताऱ्या घोड्याचे लपवता येते. पण शिंगरू पुढे काय निघेल हे दात सांगत नाहीत. तेव्हा नजर जाई अंगावरच्या खुणांकडे: चारही पाय आणि तोंड पांढरे असले तर पंचकल्याणी, डोळ्याखाली भोवरा असला तर अशुभ आसूढाळ. केसांची उलट फिरलेली रेघ म्हणजे गोम. आजही व्यवहारातली छुपी अडचण सांगताना मराठी माणूस ‘खरी गोम’ म्हणतो. भोवऱ्यांचा धावण्याशी काही संबंध नाही. भाव पाडायला मात्र त्यांचा चांगला उपयोग होई. विक्रेत्याने वंश सांगायचा, घेणाऱ्याने भोवरा दाखवायचा आणि दलालाने दोघांना मधल्या आकड्यावर आणायचे.

एकोणिसाव्या शतकात हा व्यापार मुंबईत एकवटला. बसरा, कुवेत आणि नज्दकडचे व्यापारी गलबतांतून घोडे आणत आणि भायखळा, भेंडीबाजार भागातल्या तबेल्यांत उतरवत. घेणारे होते फौजेतले अधिकारी, संस्थानिक, शेटजी आणि शर्यतीचे शौकीन. १८०२ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे टर्फ क्लबच्या शर्यती भायखळ्याला होत. १८८३ मध्ये त्या महालक्ष्मीला आल्या. पुढे सैन्यात न्यू साउथ वेल्सहून येणारे वेलर जातीचे घोडे वाढले, आणि शर्यतीत इंग्लिश थरोब्रेडने अरबीला मागे टाकले. हा थरोब्रेडही मूळचा परका नव्हता. बायर्ली टर्क, डार्ली अरेबियन आणि गोडॉल्फिन अरेबियन या पूर्वेकडून नेलेल्या तीन नरांपर्यंत त्याची पितृवंशावळ पोचते.

थरोब्रेडबरोबर सौद्याची रीत पालटली. इंग्लंडमध्ये १७९१ मध्ये जनरल स्टड बुक छापले गेले, आणि दलालाच्या शब्दाऐवजी नोंदवही बोलू लागली. आता आई-बाप, आजी-आजोबा आणि त्यांनी जिंकलेल्या शर्यती पाहून, अजून पाठीवर खोगीरही न चढलेल्या वर्षभराच्या शिंगरावर लिलावात बोली लावता येते. १९४३ मध्ये पहिली इंडियन डर्बी झाली आणि ती प्रिन्सेस ब्यूटिफुल या घोडीने जिंकली. १९४६ मध्ये सुरू झालेला पुण्याचा पूनावाला स्टड फार्म याच बाजारासाठी घोडे तयार करतो. शर्यतीतून उतरलेल्या घोड्यांनाही तेथून एक गिऱ्हाईक होते: परळची हाफकिन संस्था, जी घोड्यांच्या रक्तापासून प्रतिविषे बनवी. हे घोडे दुसऱ्याला देण्यापेक्षा लस आणि प्रतिविषे आपणच का बनवू नयेत, या विचारातून सायरस पूनावाला यांनी १९६६ मध्ये सीरम इन्स्टिट्यूट काढली.

कागद नसलेल्या घोड्याचा बाजार आजही जत्रेत भरतो. नंदुरबार जिल्ह्यात तापीकाठच्या सारंगखेड्याला दत्तजयंतीपासून, आणि नांदेड जिल्ह्यातल्या माळेगावला खंडोबाच्या यात्रेत. मारवाडी, टोकाशी कान जुळणारे काठेवाडी आणि पांढरेशुभ्र नुकरा घोडे तेथे येतात. गिऱ्हाईक म्हणजे हौशी शेतकरी, वरातीला घोडे भाड्याने देणारे आणि पैदाशीसाठी नर शोधणारे. दात पाहतात, भोवरे मोजतात, आणि मग मालक घोड्यावर बसून रेवाल चाल काढून दाखवतो.