गादी, खुर्ची आणि रिकामी दालने

मराठीत 'गादीवर बसणे' म्हणजे राज्य करणे. अलीकडे 'खुर्ची मिळणे' म्हणजे सत्ता मिळणे. सत्तेसाठी आपल्या भाषेने योजलेले हे दोन्ही शब्द बैठकीच्या सामानातून आले आहेत, ही गोष्ट सहसा आपल्या लक्षात येत नाही. गादीपासून खुर्चीपर्यंतचा हा प्रवास ज्यांना डोळ्यांनी पाहावयाचा असेल त्यांनी होळकरांच्या चार वास्तू क्रमाने पाहाव्यात: महेश्वरचा वाडा, इंदूरचा राजवाडा, लालबाग आणि माणिकबाग. एकाच घराण्याने १७६७ ते १९३३ या १६६ वर्षांत बसण्याची रीत कशी बदलली आणि त्या बसण्याबरोबर काय काय बदलत गेले, हे तेथे जितके स्पष्ट दिसते तितके कोणत्याही बखरीत दिसत नाही.

प्रथम महेश्वरला जाऊ. सासरे मल्हारराव १७६६ साली आणि पुत्र मालेराव १७६७ साली निवर्तल्यावर अहिल्याबाईंनी कारभार हाती घेतला आणि नर्मदाकाठच्या या गावी आपले ठाणे केले. किल्ल्यातला त्यांचा वाडा आज जाऊन पाहावा. लाकडी खांब, कौलारू छपरे, मधला चौक. आपल्यापैकी कित्येकांच्या आजोळच्या वाड्याहून तो फारसा निराळा वाटत नाही. तेथे त्यांची गादी जपून ठेवली आहे. एकदा आमच्याबरोबर आलेले एक पाहुणे त्या गादीसमोर उभे राहून इकडेतिकडे पाहू लागले आणि म्हणाले, "आणि सिंहासन कुठे आहे?" आम्ही गादीकडे बोट दाखविले. त्यांचा विश्वास बसला नाही.

परंतु त्या साधेपणातच त्या राज्याचे मर्म आहे. सर जॉन माल्कमने १८२३ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या मध्य हिंदुस्थानावरील ग्रंथात, अहिल्याबाईंना पाहिलेल्या लोकांकडून ऐकलेली त्यांची दिनचर्या नोंदविली आहे. पहाटेपूर्वी उठणे, पूजाअर्चा, दानधर्म, आणि दुपारी दोनपासून संध्याकाळी सहापर्यंत दरबार. रात्री नऊनंतर पुन्हा काम. हा दरबार गादीवरचा. फिर्यादी आणि न्याय देणारी, दोघेही जमिनीलगत. बैठकीची ही मांडणी म्हणजे गादी, लोड, तक्के, जाजम, पुढ्यात उतरत्या झाकणाचे डेस्क, दौत आणि लेखणी. एवढ्या सामानावर मराठ्यांनी अर्ध्या हिंदुस्थानाचा पत्रव्यवहार चालविला. त्या वाड्याच्या देवघरात मातीची लहान लहान शिवलिंगे करून, त्यांची पूजा करून ती नर्मदेत विसर्जित करण्याचा लिंगार्चनाचा विधी आजही चालू आहे. म्हणजे गादी आता वापरात नसली तरी घर वापरात आहे. हा मुद्दा वाचकांनी ध्यानी ठेवावा; पुढे त्याचे काम पडणार आहे.

१८१८च्या मंदसोरच्या तहानंतर इंदूर ही राजधानी झाली. इंदूरचा राजवाडा सात मजली. खालचे मजले दगडी, वरचे लाकडी. लाकडी घराला आगीची भीती जन्माचीच असते, आणि राजवाड्याने ती एकाहून अधिक वेळा भोगली. १९८४च्या दंगलीतील आग आम्हां इंदूरकरांच्या आठवणीत आहे. त्यानंतर दर्शनी भाग तेवढा ताठ उभा होता. पुढे मागचा भाग पुन्हा बांधण्यात आला, आणि अलीकडच्या काळात समोरच्या भागाचीही डागडुजी झाली. भिंती पुन्हा बांधता आल्या, खांब पुन्हा घडविता आले. पण आत पिढ्यान्पिढ्या साठलेले असे जे जळाले, ते कोणत्याही कारागिराला पुन्हा घडविता येणार नव्हते.

तिसरी वास्तू लालबाग. खान नदीच्या काठी दुसऱ्या तुकोजीरावांच्या अखेरच्या वर्षात, म्हणजे १८८६ साली, तिचे काम सुरू झाले आणि तिसऱ्या तुकोजीरावांच्या कारकीर्दीत १९२१ साली ते पुरे झाले. पस्तीस वर्षे हे बांधकाम चालले. येथे गादी जवळजवळ दिसत नाही. येथे खुर्चीचे राज्य आहे. फाटके लंडनच्या बकिंगहॅम राजवाड्याच्या धर्तीची, खांब इटालियन संगमरवराचे, छतावर ग्रीक पुराणांतील देवदेवता, भरजरी कापडाने मढविलेल्या खुर्च्या, कोच, झुंबरे, गालिचे. नृत्याच्या दालनातील लाकडी जमीन स्प्रिंगांवर बसविलेली आहे असे सांगतात. मुदपाकखाना नदीच्या पलीकडे, आणि तेथून अन्न आणण्यासाठी भुयारी वाट. ज्या घराण्याच्या मूळ वाड्यात चूल आणि देवघर हाकेच्या अंतरावर होते, त्याच घराण्याच्या या महालात स्वयंपाकाचा वास पाहुण्यांपर्यंत पोहोचू नये म्हणून मध्ये नदी घातली गेली!

यावर नुसते हसणे मात्र अन्यायाचे होईल. रेसिडेंटाला आणि व्हाइसरॉयला मांडी घालून बसविता येत नव्हते. बूट काढावयाचे की नाही, गादीवर बसावयाचे की खुर्चीवर, या प्रश्नांवर त्या काळी संस्थानोसंस्थानी खलिते लिहिले गेले. खुर्ची ही हौस होती तशी ती राजकारणाची निकडही होती. ग्वाल्हेरचा जयविलास १८७४ साली उभा राहिला तो याच निकडीतून; तेथील जेवणाच्या मेजावर फिरणारी चांदीची आगगाडी पाहून आजचे पर्यटक थक्क होतात. बडोद्याचा लक्ष्मीविलास १८९०चा. आमचे गोव्याचे वाचक चांदोरच्या मिनेझिस ब्रागांझा यांच्या घरातील दालने आठवतील. तेथे हीच कथा पोर्तुगीज वळणाने सांगितलेली आहे.

चौथी वास्तू माणिकबाग, आणि तिची कथा सर्वांत चटका लावणारी आहे. १९२६ साली तिसऱ्या तुकोजीरावांना गादी सोडावी लागली व यशवंतराव गादीवर आले. ऑक्सफर्डमध्ये शिकलेल्या या तरुण राजाने एकार्ट मुथेसियस या जेमतेम पंचविशीतल्या जर्मन वास्तुशिल्पज्ञाकडून १९३० ते १९३३ या काळात माणिकबाग उभारून घेतली. येथे कोरीवकाम नाही, झालर नाही, ग्रीक देव नाहीत. धातू, काच, सरळ रेषा. रुलमान, ल कॉर्ब्युझिए, आयलीन ग्रे अशा त्या काळच्या युरोपातील अग्रगण्य रचनाकारांचे सामान बोटीने येऊन इंदुरात पोहोचले. मुथेसियसने वाचनालयासाठी दिवे जोडलेल्या लाल खुर्च्या केल्या. खुर्चीत बसले की वाचण्यापुरता प्रकाश खुर्चीतूनच मिळावा. ब्रांकुशी या शिल्पकाराचे पक्षी यशवंतरावांनी विकत घेतले आणि त्यांच्यासाठी इंदुरात ध्यानमंदिर बांधण्याचे योजिले. त्यासाठी ब्रांकुशी स्वतः हिंदुस्थानात येऊन गेला. मंदिर झाले नाही.

१९४८ साली संस्थान मध्य भारतात विलीन झाले, १९६१ साली यशवंतराव वारले. त्या पक्ष्यांपैकी काळ्या आणि पांढऱ्या संगमरवराचे दोन पक्षी १९७३ साली ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय कलासंग्रहालयाने घेतले. १९८० साली मोनॅको येथे माणिकबागेतील सामानाचा लिलाव झाला आणि ते जगभर पांगले. २०१९ साली पॅरिसच्या एका मोठ्या संग्रहालयात या सामानाचे प्रदर्शन भरले. आपल्या गावच्या महालाचे सामान पाहण्यासाठी इंदूरच्या माणसाने पॅरिसला जावे, अशी ही गत! आणि महाल? माणिकबागेत केंद्रीय कर खात्याचे कार्यालय आहे. मुथेसियसने त्या काळी काढलेली छायाचित्रे उरली नसती, तर कोणती खुर्ची कोणत्या खिडकीपाशी होती हेही कोणाला सांगता आले नसते.

म्हणजे आपल्यापुढे चार घरांची चार प्राक्तने आहेत. महेश्वरला घरही आहे आणि गादीही आहे. राजवाड्यात घर पुन्हा उभे राहिले, सामान गेले. लालबागेत घर आणि सामान दोन्ही आहेत, राहणारे नाहीत. माणिकबागेत घर येथे आणि सामान सातासमुद्रापार.

आता एक कबुली. आमची सारी नोकरी मध्य प्रदेश शासनात गेली. सरकारी कचेरीत 'डेड स्टॉक रजिस्टर' नावाची एक वही असते. टेबल, खुर्ची, कपाट, घड्याळ, सर्वांची त्यात नोंद. दरवर्षी मार्चअखेर मोजदाद. निकामी वस्तूंचे निर्लेखन आणि मग लिलाव. नोकरीच्या आरंभीच्या काळात एका तहसिलीच्या गावी आम्ही अशाच एका निर्लेखनाच्या यादीवर सही केली. यादीत एक नोंद होती: 'टेबल, लाकडी, पाय तुटलेले, एक.' लिलावाच्या दिवशी आवारात ती वस्तू आम्ही प्रथमच पाहिली. ते टेबल नव्हते. त्याचे पाय तुटलेलेही नव्हते. मांडी घालून लिहिण्याचे, उतरत्या झाकणाचे, शिसवी डेस्क होते ते. बहुधा संस्थानी अमदानीतल्या कोणा कारकुनाचे. त्याला पाय वीतभरच असावयाचे. ज्याने नोंद केली त्याने जन्मात कोणाला जमिनीवर बसून कचेरी करताना पाहिले नव्हते. म्हणून त्याला ते मोडके टेबल दिसले. आणि ज्याच्या घरी आजोबांचे तसलेच डेस्क होते, त्या आम्ही न पाहता सही केली होती. जळाऊ लाकडाच्या भावात ते गेले. महेश्वरच्या गादीसमोर सिंहासन शोधणाऱ्या पाहुण्यांना हसण्याचा आम्हांला काय अधिकार?

त्या दिवसापासून आम्हांला एक गोष्ट पटली आहे. वस्तू मोडते ती पुष्कळदा वाळवीने वा आगीने नव्हे. तिचे नाव आणि तिचा वापर ठाऊक असलेले शेवटचे माणूस गेले की ती मोडते. त्यानंतर उरते ते लाकूड.

म्हणूनच या वास्तूंत माणसांचे येणेजाणे असणे आम्हांला संग्रहालयाच्या काचेइतकेच महत्त्वाचे वाटते. लालबागेच्या आवारात माळवा उत्सव भरत आला आहे; लोककलावंत आणि कारागीर येतात, हजारो कुटुंबे येतात. राजवाड्यासमोर होळकरांच्या काळापासूनची सरकारी होळी पेटते, रंगपंचमीची गेर तेथूनच जाते. गणेशोत्सवात होळकरी पगडीचा गणपती पालखीतून राजवाड्यात येतो. अहिल्याबाईंच्या पुण्यतिथीला शहरातून पालखी निघते. २०२५ साली, त्यांच्या जन्माला तीनशे वर्षे होत असताना, राज्य मंत्रिमंडळाची बैठकही राजवाड्यात झाली. गर्दीने वास्तूची झीज होते, हे खरे. नाजूक दालनांत गर्दी नेऊ नये, आवारात उत्सव भरवावेत, हा विवेक हवाच. पण ज्या वास्तूशी गावाचा एकही सण जोडलेला नाही, तिच्या डागडुजीसाठी गाव कधी तोंड उघडत नाही, हेही आम्ही कचेरीत बसून पाहिले आहे. राजवाडा जळाल्यावर तो पुन्हा बांधावा असे इंदूरला वाटले, कारण इंदूरची होळी त्याच्यापुढे पेटत होती.

परंतु उत्सव वास्तू राखतो. वस्तूचे नाव तो राखत नाही. ते काम आपले आहे. माळव्यात, ग्वाल्हेरीस, बडोद्यास, बेळगावी वा हैदराबादेस आपली कुटुंबे येऊन दोन-दोनशे वर्षे झाली. आता जुने वाडे पाडून सदनिका उठत आहेत, आणि त्या सदनिकांत झोपाळ्याला कड्या नाहीत, फडताळाला भिंत नाही, घंगाळाला जागा नाही. सारेच जपा असे आम्ही म्हणणार नाही. ते शक्य नाही, आणि आमच्या घरीही ते झालेले नाही. पण वस्तू घराबाहेर जाण्यापूर्वी तिचे नाव तरी लिहून ठेवता येते.

सुज्ञ वाचकांना आमची विनंती एवढीच, की घरातल्या वडीलधाऱ्यांना जवळ बसवून एक साधी शंभर पानी वही करावी. प्रत्येक जुन्या वस्तूला एक पान. तिचे घरातले नाव, ती कशासाठी वापरीत, कोठे ठेवीत, कोणी कोठून आणली, आणि जमल्यास एक छायाचित्र. सरकारी रजिस्टरात 'किंमत' आणि 'संख्या' असे रकाने असतात. या वहीत 'यावर कोण बसत असे' असा एक रकाना असावा. साहित्यसभांनी अशा वह्यांच्या प्रती आपल्या ग्रंथालयांत ठेवून घ्याव्यात. उद्या एखाद्या संग्रहालयाला एखाद्या वस्तूखाली चिठ्ठी लावावयाची झाली, तर तिचा मजकूर या वह्यांतूनच मिळेल.

आम्ही आमच्या वहीला आरंभ केला आहे. पहिले पान आजोबांच्या डेस्काचे आहे. दुसरे पान, आमच्या घरचे नसले तरी, त्या तहसिलीच्या गावच्या डेस्काचे आहे. त्यावर कोण बसत असे हा रकाना कोराच आहे. तो भरू शकणारे कोणी त्या गावी तेव्हा असेलही, पण आम्ही विचारले नाही.