हा कुठल्या मुलखाचा राजा?

घनसावंगी तालुक्यातल्या जांबेत 1608 साली जन्मलेले नारायण सूर्याजी ठोसर, म्हणजे समर्थ रामदास, चित्रात कशावरून ओळखू येतात? कौपीन, कुबडी, जपमाळ, जटा. चेहऱ्याकडे नजर जाते ती मागाहून. राजांच्या चित्रांतही हेच घडते: तुरा, तलवार, घोडा यांवरून दर्जा कळतो, नाव मात्र कागदाला विचारावे लागते.

शिवाजी महाराजांच्या बाबतीत हे आपण ठेच लागून शिकलो. इब्राहिमखान नावाच्या सरदाराचे चित्र महाराजांचे म्हणून खपत होते. इतिहाससंशोधक वा. सी. बेंद्रे यांनी 1933 मध्ये महाराजांचे डच मुळाचे चित्र प्रसिद्ध केले, तेव्हा तो समज मोडला.

महाराजांच्या चित्रांचा दुसरा माग निकोलाओ मनुचीपाशी पोचतो. हा व्हेनिसचा, म्हणजे चित्रकार तिशियनने जिथे काम केले त्या शहराचा. सम्राट पाचव्या चार्ल्सला तिशियनने 1548 साली चिलखतासह घोड्यावर बसवले होते. घोडा ही तिथेही सत्तेची खूण. 1665 मध्ये पुरंदरच्या मोहिमेत मनुची मोगल सेनापती मिर्झाराजे जयसिंगांच्या छावणीत होता. जयसिंगांसोबत त्याचा पत्त्यांचा डाव चालला असताना महाराज आले. मनुची लिहितो, त्यांनी विचारले, हा कुठल्या मुलखाचा राजा? जयसिंगांनी सांगितले, फिरंग्यांचा. महाराजांना नवल वाटले: फिरंगी आपल्याही चाकरीत आहेत, पण या थाटाचे नाहीत. एका तोफखान्यातल्या नोकराला त्याच्या थाटाने राजा ठरवले.

पुढे मनुचीने शहजादा शाहआलमच्या पदरी असलेल्या मीर मुहंमद या चित्रकाराकडून चित्रे करवून घेतली; ती 1686 च्या आधीची असून आज पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहेत. कुणी काढली, कुणी करवली, साधारण कधी, हे तिन्ही कळत असल्याने त्यांची साक्ष वजनदार ठरते. त्यांत महाराज घोड्यावर आहेत, सोबत पायदळ चालते आहे. चेहऱ्याबाबत ही साक्ष बेताने घ्यावी, कारण घोडा आणि लवाजमा हा मोगली चित्रशाळेचा ठरलेला साचा. दर्जाबाबत मात्र तोच साचा बोलका होतो. त्याच संचात मोगल बादशहा आणि शहजादे आहेत, विजापूर-गोवळकोंड्याचे सुलतानही आहेत, आणि त्यांच्याच पंक्तीला शहजाद्याच्या चाकराने महाराजांना बसवले आहे.

छावणीत महाराजांनी फिरंग्याबद्दल जे विचारले, त्याचे उत्तर थट्टेत गेले. महाराज कोण, हे सांगायला फिरंग्याच्या संचाला मात्र थट्टेची गरज पडली नाही.