आखाडा : गुरांचे ठाणे, सालगड्याचे घर

आखाडा म्हटले की पुण्या-कोल्हापूरकडच्या वाचकाला कुस्तीची माती आठवते, नाशिककराला साधू. नांदेड-परभणीकडे मात्र आखाडा म्हणजे गावापासून दूर, शेतात बांधलेले गुरांचे ठाणे. गोठा, दावण, गव्हाण, कडब्याची गंज, विहीर, पाण्याचा हौद, शेजारी खळे आणि एका कडेला सालगड्याची खोली. लातूर भागात यालाच कोठा म्हणतात. मालकाचा वाडा गावात, गुरे आणि गडी आखाड्यावर, अशी ही जुनी विभागणी आहे.

आपल्या भागाचा वारसा सांगताना आपण कंधार, उदगीर, औशाचे किल्ले मोजतो, गढ्यांचे बुरूज मोजतो. आखाडा त्या यादीत येत नाही. कुडाच्या भिंती आणि पत्र्याचे छप्पर पाहायला कोण थांबणार? पण याच आखाड्यांवर दोन गोवंश सांभाळले गेले. ज्या मुलखात ते वाढले, त्याचीच नावे त्यांना पडली : लाल कंधारी आणि देवणी. देशी जातींची नोंद ठेवणाऱ्या कर्नालच्या राष्ट्रीय संस्थेच्या यादीत दोन्ही आहेत.

लाल कंधारी नांदेडच्या कंधार परिसरातली. रंग गडद तांबडा, वळू गाईहून अधिक काळपट, बैल ओढकामाला चिवट. देवणी लातूरच्या देवणी-उदगीर पट्ट्यातली, पुढे बिदरपर्यंत पसरलेली. दूध आणि ओढकाम दोन्हींसाठी तिचा लौकिक. तिच्यात तीन वाण ओळखतात. अंग पांढरे आणि चेहऱ्याच्या बाजू काळ्या, तो वानेरा. वरून पांढराशुभ्र, पण पोटाच्या बाजूला काळे ठिपके, तो बालंक्या. अंगभर वेडेवाकडे काळे ठिपके, तो शेवरा.

गोवंश आपोआप टिकत नाही. कोणते गोऱ्हे वळू म्हणून राखायचे, कोणते खच्ची करून औताला जुंपायचे, हा निर्णय पिढ्यान्‌पिढ्या नीट व्हावा लागतो. शेवटचा शब्द मालकाचा असे. पण कोणती गाय कोणाच्या पोटची, कोणती कालवड लवकर माजावर आली, कोणता गोऱ्हा चिखलात दबला नाही, हे रात्रंदिवस पाहणारा सालगडी होता. गेली काही वर्षे मी या दोन जिल्ह्यांत आखाडे पाहत, म्हाताऱ्या गड्यांशी बोलत फिरतो आहे. लिहिता न येणारी माणसे गाईच्या चार पिढ्या नावानिशी सांगतात. वंशावळीची वही नव्हती. वही म्हणजे हीच माणसे.

याचे गोडवे गाताना दुसरी बाजू झाकू नये. सालगडी बहुतेक भूमिहीन. गुढीपाडव्याला त्याचे साल ठरे, आगाऊ उचल मिळे. उचल फिटली नाही की पुढचे साल त्याच दारात. ज्या खोलीत त्याची उमर गेली, तिच्यावर त्याचा हक्क नसे. सातबाऱ्यावर मालकाचे नाव, पीक, विहीर यांची नोंद होते. गड्याची होत नाही.

आता ही व्यवस्था मोडली आहे आणि तिची कारणे वेगवेगळी आहेत. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात दगडमातीची, माळवदाची घरे हजारो माणसांवर कोसळली. त्यानंतर लोकांनी दगडमातीचा धसका घेतला आणि पत्रा आला. पुनर्वसनाच्या सरळ ओळींतल्या गावांत माणसांना घरे मिळाली, पण गुरांच्या जागेचा पुरेसा विचार झाला नाही. पुढे ट्रॅक्टरने बैलाचे काम घेतले. सोयाबीनने ज्वारीची जागा घेतली आणि ज्वारीबरोबर कडबाही गेला. कडब्यावाचून दावण भरत नाही. गड्याच्या मुलांनी साल धरणे सोडून पुण्याची वाट धरली. त्यांनी ते सोडले याचे मला दुःख नाही. त्यांच्या बापाची विद्या कुणी टिपून घेतली नाही, याचे आहे.

मार्गशीर्षातल्या वेळ अमावस्येला लातूर-नांदेडची गावे ओस पडतात. माणसे शेतात जातात, कडब्याची कोप उभारतात, भज्जी-आंबील वाटून खातात. त्याच सुमारास लोहा तालुक्यात माळेगावची खंडोबाची यात्रा भरते. तिथल्या पशुप्रदर्शनात लाल कंधारी आणि देवणी जनावरे सजून उभी राहतात. त्या जनावरांच्या पाटीवर मालकाच्या नावाखाली सांभाळणाऱ्याचेही नाव लिहावे, इतके तर सहज करता येईल. आखाड्यांचे नकाशे काढावेत, म्हाताऱ्या गड्यांची सांगणी ध्वनिमुद्रित करावीत. महाविद्यालयाच्या एखाद्या वर्गाला एका उन्हाळ्यात पुरेल एवढे हे काम आहे.

किल्ल्याचा दगड आणखी शंभर वर्षे वाट पाहू शकतो. ऐंशीच्या घरातला सालगडी पाहू शकत नाही.